स्मारक खिडकीच्या स्पर्धेत उतरायचंय? रंगीत काचेचं डिझाइन, ब्रीफ वाचण्यापासून खिडकी बसेपर्यंत

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ ला लागलेली आग सगळ्यांना आठवत असेल, पण त्यानंतर तिथे रंगीत काचेच्या खिडक्यांसाठी जी स्पर्धा झाली तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोललं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी जाहीर केलं की दक्षिण बाजूच्या सहा चॅपल्समध्ये (कॅथेड्रलच्या आतल्या छोट्या प्रार्थनाकक्षांत) आपल्या काळाची खूण म्हणून नव्या खिडक्या बसवायच्या. ११० अर्ज आले, त्यातून ८ टीम्स शेवटच्या फेरीत गेल्या, त्यात दानिएल ब्युरेन, यान पेइ-मिंग, फिलिप पारेनो अशी जगभर माहीत असलेली नावं होती, आणि १८ डिसेंबर २०२४ ला निवड जाहीर झाली ती क्लेअर ताबुरे या चित्रकर्तीची. ती मूळची कॅनव्हासवर काम करणारी. पण ती एकटी नव्हती, तिच्यासोबत रॅन्स शहरातला सिमों-मार्क हा जुना काचेचा स्टुडिओ होता, आणि स्पर्धेची अटच होती की कलाकाराने काचेच्या कारागिरांसोबत टीम करूनच यायचं.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते आणि हा सगळा लेख त्याच मुद्द्याभोवती आहे. स्मारक खिडकी म्हणजे आधी चित्र काढायचं आणि मग त्यावर काळ्या रेघा मारून "ही काच" म्हणायचं असं नसतं. प्रकाश, काच, शिसं (काचेचे तुकडे ज्या पट्ट्यांनी जोडतात ते) आणि ज्यांची आठवण ठेवायची ती माणसं, हे चारही पहिल्या दिवसापासून एकत्र विचारात घ्यावे लागतात. चर्च, विद्यापीठं, हॉस्पिटलं, नगरपालिका, सैन्याच्या रेजिमेंट्स अशा अनेक ठिकाणी या स्पर्धा निघतात, इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आर्टिस्ट्सना तर त्या सहज गाठता येतात, आणि इथे जे.जे.मधून किंवा इतर कुठून शिकलेल्यांनीही आंतरराष्ट्रीय असेल तिथे अर्ज करायला काहीच हरकत नाही.

पायरी १: ब्रीफ दोनदा वाचा, मग ब्रीफच्या मागची गोष्ट शोधा

ब्रीफ म्हणजे आयोजकांनी दिलेलं माहितीपत्रक. त्यात मापं, बजेट, तारखा, विषय असतो. पण खरा विषय बऱ्याचदा ओळींच्या मधे असतो. ब्रिस्टलच्या सेंट मेरी रेडक्लिफ चर्चचं उदाहरण घ्या. एडवर्ड कोल्स्टन हा गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेला माणूस, जून २०२० मध्ये लोकांनी त्याचा पुतळा पाडून बंदरात टाकला आणि त्यानंतर या चर्चने त्याच्या नावाच्या खिडकीतली त्याच्या गौरवाची पॅनेल्स काढली. मग त्या रिकाम्या जागेसाठी खुली स्पर्धा ठेवली, विषय बायबलमधला प्रश्न, "आणि माझा शेजारी कोण?". २०२२ मध्ये जिंकलं कोण तर ईलिश स्विफ्ट नावाची एक ज्युनिअर डॉक्टर. तिच्या डिझाइनमध्ये गुलामांना नेणारं जहाज आहे, निर्वासितांची होडी आहे, येशू वेगवेगळ्या वंशांच्या रूपात आहे, आणि १९६३ चा ब्रिस्टल बस बहिष्कार आहे. त्या काळी तिथली बस कंपनी काळ्या आणि आशियाई लोकांना बसवर कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घेत नव्हती, बहिष्कारानंतर कंपनीला नमावं लागलं आणि शहरातला पहिला गोरा नसलेला कंडक्टर झाला रघबीर सिंग, आपल्याच पंजाबातून गेलेल्या समाजातला शीख माणूस.

ती का जिंकली हे परीक्षकांनाच माहीत, पण माझ्या वाचनात उत्तर सरळ आहे. तिने विषयातल्या प्रश्नाला त्या शहराच्या इतिहासातूनच उत्तर दिलं. दुसऱ्या गावात ती खिडकी बसवता आली नसती. तुमच्या डिझाइनला हीच परीक्षा लावा, ही खिडकी दुसऱ्या कुठल्याही इमारतीत तितकीच शोभेल का? शोभेल असं उत्तर आलं तर अजून अभ्यास बाकी आहे.

मग काय शोधायचं? ज्यांचं स्मारक आहे त्यांची पत्रं, फोटो, कामाची हत्यारं, गावाचा नकाशा, तिथे वाढणारी झाडं, इमारतीतली जुनी नक्षी. हयात नातेवाईक असतील आणि आयोजक परवानगी देत असतील तर त्यांच्याशी बोला, पण ऐकायला जा, आयडिया विकायला जाऊ नका.

एक गोष्ट ब्रीफमध्येच अडकू शकते. जर्मनीत कोलोन कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीसाठी सुरुवातीला विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रं हवी होती. दोन कलाकारांनी डिझाइन्स दिली, ती पटली नाहीत. शेवटी गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने पूर्ण अमूर्त काम केलं, ७२ रंगांचे ११ हजारांहून जास्त चौकोन, रंगांची मांडणी कॉम्प्युटरने यादृच्छिक पद्धतीने केलेली, आणि २००७ मध्ये ती खिडकी बसली. तिथले तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल माइसनर यांना ती अजिबात आवडली नव्हती आणि त्यांनी ते उघड सांगितलं. म्हणजे ब्रीफ बदलू शकतं, पण ते बदलायचा हक्क आयोजकांचा. तुम्ही स्पर्धक म्हणून ब्रीफ मोडायचं असेल तर आधी लेखी प्रश्न विचारा. बहुतेक स्पर्धांमध्ये प्रश्न विचारायची एक मुदत असते आणि लोक ती वापरतच नाहीत.

पायरी २: जागेवर जा आणि प्रकाश बघा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? युरोपात उत्तरेच्या खिडकीला जवळजवळ थेट ऊन मिळत नाही, प्रकाश थंड आणि एकसारखा असतो, तिथे फार गडद काच लावली की खिडकी दिवसभर मेल्यासारखी दिसते. दक्षिणेची खिडकी उन्हात पेटते, तिथे फिकट काच लावली तर डोळे दिपतात आणि चित्र दिसतच नाही. पूर्वेची खिडकी सकाळची, पश्चिमेची संध्याकाळची. मुंबईत गणित थोडं वेगळं, मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणजे इथल्या उत्तरेच्या खिडकीलाही थोडं ऊन लागतं, पण तेव्हा निम्मा काळ पावसाळी ढगच असतात.

जागेवर गेलात की हे टिपून घ्या: बाहेर झाड आहे का, समोर इमारत आहे का, रात्री आतले दिवे लागले की बाहेरून काय दिसेल, लोक खिडकी किती लांबून आणि किती खालून बघणार, शेजारच्या खिडक्यांत जुनी काच आहे का आणि तिचा एकूण सूर काय आहे. फोटो काढताना एक फोटो खिडकीच्या प्रकाशाला एक्सपोजर धरून आणि एक भिंतीला धरून काढा, नाहीतर घरी आल्यावर दोन्हीपैकी एकच कळतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिन्ही वेळा बघता आलं तर फारच छान. जाणं शक्यच नसेल तर आयोजकांकडे दिवसभरातले फोटो मागा आणि नकाशावरून दिशा काढा.

ज्यांनी अजून मोठी रंगीत काच प्रत्यक्ष फार बघितलेली नाही त्यांनी मुंबईतच अभ्यास सुरू करावा. कुलाब्याचं अफगाण चर्च हे स्वतःच स्मारक आहे, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी बांधलेलं, १८५८ मध्ये पवित्र केलेलं, आणि त्यातली काच न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या स्टुडिओची. राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ लायब्ररीतली काच आहे, सीएसएमटीतली आहे. राजाबाई टॉवरच्या काचेचं जतन स्वाती चांदगडकर यांनी केलंय. तिथे आत जायला मिळालं तर डिझाइनकडे बघण्याआधी जमिनीकडे बघा, भिंतीवर आणि फरशीवर रंग कुठे पडतो ते बघा.

पायरी ३: काचेचा स्टुडिओ सोबत घ्या, आधी, नंतर नाही

चित्रकार मार्क शगालचं नाव घेतलं की लोकांना त्याचे निळे रंग आठवतात. पण त्याच्या काचेमागे शार्ल मार्क हा कारागीर होता, रॅन्सच्या त्याच सिमों-मार्क स्टुडिओचा, जो आता नोत्र दामचं काम करतोय. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डॅग हॅमरशोल्ड १९६१ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांच्या आणि त्यांच्यासोबत गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या मुख्यालयात शगालची जी खिडकी लागली ती याच दोघांनी मिळून केली. कॉव्हेन्ट्री कॅथेड्रलच्या बाप्तिस्मा-कक्षाची प्रचंड खिडकी, १९५ पॅनेल्सची, जॉन पायपरचं डिझाइन आणि पॅट्रिक रेन्टिन्सची काच. म्हणजे मोठ्या मोठ्या चित्रकारांनीही हे एकट्याने केलेलं नाही.

स्टुडिओशी बोलताना तीन गोष्टी लेखी ठरवा. जिंकलो तर कोण काय करणार, काचेवरचं रंगकाम कोणाच्या हाताने होणार, आणि नाव कसं लागणार. शेवटच्या मुद्द्यावरून चांगल्या मैत्र्या तुटतात म्हणून तो आधीच बोलून घ्या. कारागिराचं नाव खिडकीवर आणि कागदपत्रांवर असलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: डिझाइन करताना शिसं हीच तुमची रेघ

आता कागद घ्या. बहुतेक ठिकाणी एकास दहा या प्रमाणात रंगीत डिझाइन मागतात, म्हणजे तीन मीटरची खिडकी तीस सेंटीमीटरवर. सुरुवात रंगाने करू नका. फक्त काळ्या शाईने शिशाच्या पट्ट्यांचा आराखडा काढा आणि तो रंगाशिवायही चांगला दिसतोय का बघा. शिशाच्या पट्ट्या वेगवेगळ्या रुंदीच्या मिळतात, बारीक चार-पाच मिलीमीटरपासून बारा आणि त्याहून जाड, त्यामुळे तुमच्या रेघेलाही बारीक-जाड वजन देता येतं, ही सोय बरेच जण विसरतात.

काच काही गोष्टी करू देत नाही. खोल आतल्या कोपऱ्याचा तुकडा कापताना तडकतो, इंग्रजी एल अक्षरासारखा आकार म्हणजे उद्या तिथे भेग नक्की. लांब सुईसारखी टोकं नकोत. पॅनेल फार मोठं केलं तर स्वतःच्या वजनाने पोट काढतं, म्हणून खिडकी अनेक पॅनेल्समध्ये विभागतात आणि फूट-दीड फुटावर आडव्या धातूच्या सळया बांधतात. या सळया चित्रात कुठे येणार ते आत्ताच ठरवा, नाहीतर त्या बरोबर चेहऱ्यावरून जातील. खिडकीला मधे दगडी दांडे असतील तर तेही डिझाइनचा भाग धरा, त्यांच्याशी भांडू नका.

रंगाबद्दल. निळा रंग प्रकाशात पसरतो, शेजारच्या रंगावर सांडतो, लाल आपल्या जागी राहतो. व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात याबद्दल बारकाईने लिहून ठेवलंय (आणि नोत्र दाममध्ये ज्या खिडक्या काढायचं ठरलं त्या त्याच्याच आराखड्यातल्या आहेत). त्यामुळे निळ्याच्या शेजारी बारीक तपशील असेल तर तो जाड शिसं किंवा गडद रंगकाम देऊन अडवावा लागतो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हे काहीच कळत नाही. स्क्रीन स्वतःच उजळते म्हणून सगळंच काचेसारखं सुंदर दिसतं, त्यावर विसंबू नका. स्टुडिओत जाऊन खऱ्या काचेचे तुकडे खिडकीला धरून निवडा.

काचेचे प्रकारही थोडे माहीत हवेत. तोंडाने फुंकून केलेली काच, फ्रान्समध्ये सां-जुस्त आणि जर्मनीत लॅम्बर्ट्स ही त्यातली नावाजलेली नावं, तिच्यात बुडबुडे आणि जाडीचा चढउतार असतो त्यामुळे एकाच तुकड्यात रंग हलतो. फ्लॅश काच म्हणजे पारदर्शक काचेवर रंगाचा पातळ थर, तो थर ॲसिडने किंवा वाळूच्या फवाऱ्याने खरवडला की एकाच तुकड्यात लाल आणि पांढरा दोन्ही मिळतात. ॲसिड म्हणजे हायड्रोफ्लुओरिक, ते हाडापर्यंत जातं, घरी अजिबात हात लावू नका, ते काम सोय असलेल्या स्टुडिओचंच. काचेवरचा काळा-तपकिरी रंग भट्टीत साधारण ६५० अंशांच्या आसपास पक्का होतो, आणि चांदीच्या क्षारांनी येणारा पिवळा, जो चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे, तो त्यापेक्षा कमी तापमानाला.

आणि साहित्यातूनच कल्पना येऊ शकते. झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमध्ये सिग्मार पोल्के या चित्रकाराने काही खिडक्यांत काचेऐवजी अगेट दगडाचे पातळ काप लावले, २००९ मध्ये काम पूर्ण झालं. त्याने तरुणपणी काचेवर रंगवायचं शिक्षण घेतलं होतं, म्हणून त्याला नियम कुठे वाकवायचा ते कळत होतं.

पायरी ५: आठवण दाखवायची कशी

इथे माझा आग्रह थोडा जास्त आहे. स्मारक म्हटलं की मेणबत्ती, पांढरं कबूतर, उगवता सूर्य, जोडलेले हात. परीक्षकांच्या टेबलावर हे सगळं येतंच. केंट परगण्यातल्या टुडली गावच्या छोट्या चर्चमधली शगालची खिडकी बघा. सारा नावाची २१ वर्षांची मुलगी १९६३ मध्ये होडीच्या अपघातात बुडाली, तिच्या आईवडिलांनी ही खिडकी करून घेतली, १९६७ मध्ये ती लागली. शगालने अपघात टाळला नाही. खाली निळ्या लाटांत ती मुलगी तरंगतेय, शोक करणारी आई आहे, आणि मग वर जाणारी शिडी आणि क्रॉस. दुःख नेमकं आहे म्हणून अनोळखी माणसालाही भिडतं. पुढे शगालने त्या चर्चच्या बाराही खिडक्या केल्या, शेवटच्या १९८५ मध्ये बसल्या.

तर एक नेमकी गोष्ट निवडा. नर्सेसचं स्मारक असेल तर नर्सचा पुतळ्यासारखा उभा आकार नको, रात्रपाळीच्या वॉर्डातला एक दिवा, चार्टवरच्या रेघा, घड्याळ, असं काही जे त्या कामातल्या माणसाला लगेच ओळखू येईल. ओळख पटली पाहिजे आणि तरी खिडकी लांबून रंग म्हणूनही उभी राहिली पाहिजे, दोन्ही.

नावं लिहायची असतील तर अक्षरांचं गणित: पाटीवाल्यांचा ठोकताळा असा की दर तीन मीटर अंतराला साधारण २५ मिलीमीटर उंचीचं अक्षर. सहा मीटरवरून वाचायचं तर ५० मिलीमीटर. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं प्रकाशात फुगून जाड दिसतात, आणि फिकट काचेवर काळी अक्षरं बारीक होतात कारण प्रकाश त्यांच्या कडा खातो, त्यामुळे पहिल्या प्रकारात अक्षर थोडं सडपातळ आणि दुसऱ्यात थोडं ठसठशीत काढा. देवनागरीत काम करायचं असेल तर शिरोरेषेलाच शिशाची पट्टी करायचा मोह होईल, एखाद्या मोठ्या शब्दाला ते जमतं, नावांच्या यादीला नाही, वेलांट्या आणि मात्रा पट्टीत अडकतात. यादीसाठी काचेवर गडद रंगाचा थर देऊन सुकल्यावर अक्षरं काडीने खरवडून काढणं जास्त स्वच्छ होतं.

पायरी ६: नमुना पॅनेल

शेवटच्या फेरीत गेलात तर बहुतेक वेळा खऱ्या काचेचा नमुना मागतात. सगळ्यात सोपा भाग निवडू नका. जिथे चेहरा, अक्षरं किंवा अवघड रंगबदल आहे तो भाग पूर्ण मापात करा. परीक्षकांना हाच भाग होईल की नाही याची शंका असते. नमुना लाइटबॉक्सवर (आत दिवे असलेल्या पेटीवर) आणि खऱ्या खिडकीसमोर दोन्हीकडे बघून घ्या, लाइटबॉक्सचा सपाट प्रकाश खूप दोष लपवतो. शेवटच्या फेरीला मानधन आहे का तेही बघा. नमुना करायला पैसे लागतात, आणि मानधन न देता पूर्ण मापाचा नमुना मागणारी स्पर्धा असेल तर मी तरी सोडून द्या असंच सांगेन.

पायरी ७: बजेट आणि कागदपत्रं

नोत्र दामच्या सहा खिडक्यांना साधारण ४० लाख युरो धरले होते, ते आकडे आपल्या कामाचे नाहीत, पण त्यात काय काय धरतात ते कामाचं आहे. काच आणि करणावळ हा एक भाग. बाकी जुनी काच काढणं आणि सुरक्षित ठेवणं, चौकटीची दुरुस्ती, बाहेरून संरक्षक काच, परांची, वाहतूक, विमा, बसवणारी माणसं, कर, आणि अडचणींसाठी निदान दहा टक्के. तुमचं स्वतःचं मानधन वेगळ्या ओळीत लिहा, "उरलं तर माझं" असं ठेवू नका.

सोबत एक-दीड पानाचं निवेदन लागतं. सोप्या भाषेत लिहा, खिडकीत काय आहे, का आहे, दिवसभरात ती कशी बदलेल. कॉपीराइट कोणाकडे राहणार ते नियमांत वाचा, काही ठिकाणी हरलेल्या डिझाइन्सचेही हक्क आयोजक मागतात, ते मान्य करू नका.

पायरी ८: जिंकल्यावरची परवानगी आणि विरोध

जिंकलं म्हणजे खिडकी लागली असं नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये फॅकल्टी नावाची परवानगी लागते आणि ती चर्चचं स्वतःचं न्यायालय देतं. जुन्या इमारतीत हेरिटेजची मंजुरी लागते. नोत्र दाममध्ये तर वारसा आयोगाने जुलै २०२४ मध्ये एकमताने विरोध केला होता, कारण आधीच्या खिडक्या आगीतून वाचल्या होत्या, आणि विरोधातल्या याचिकेवर लाखाहून जास्त सह्या झाल्या. मला तो विरोध समजतो. चांगली, धडधाकट जुनी काच काढून तिथे स्मारक करणं आणि ब्रिस्टलसारखी रिकामी झालेली जागा भरणं यात फरक आहे. स्पर्धेत उतरण्याआधी तिथे आत्ता काय आहे आणि त्याचं काय होणार हे आयोजकांना विचाराच. ताबुरेने जुन्या खिडक्यांची नक्षी आपल्या पार्श्वभूमीत घेतली, आधीच्या कामाचा मान राखायची ही एक पद्धत झाली.

बसवताना जागेवर हजर राहा. संरक्षक काच लावणार असतील तर मधे हवा खेळायला जागा ठेवली आहे का बघा, नाहीतर ओल धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लगेच. शेवटी इमारतवाल्यांना एक फाइल द्या: कुठल्या पॅनेलला कुठली काच, कुठल्या कंपनीची, भट्टीचं तापमान, शिशाच्या रुंदी, पूर्ण मापाच्या आराखड्याची प्रत, साफ कसं करायचं (साधं पाणी, मऊ कापूस, रंगवलेल्या बाजूला हात लावायच्या आधी जतनतज्ज्ञाला विचारायचं), आणि प्रत्येक रंगाच्या उरलेल्या काचेचे दोन-दोन तुकडे नंबर टाकून. पन्नास वर्षांनी एखादा दगड लागून तुकडा फुटला तर दुरुस्ती करणाऱ्याला हेच लागणार आहे.